नव्या मोटरसायकलची पहिली सर्व्हिसिंग घरच्या अंगणात

नवी गाडी ५००-७०० किलोमीटर चालली की तिच्या इंजिनातलं ऑइल काढून उन्हात धरून पाहा. त्यात चांदीच्या वर्खासारखी बारीक चकाकी दिसते. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला घासून बसतात, गिअरचे दाते एकमेकांवर बसतात, त्यातून निघालेली ही धातूची पूड. पहिली सर्व्हिसिंग मुख्यतः या पुडीसाठी असते. ती इंजिनात फिरत राहू नये म्हणून ऑइल बदलायचं आणि सुरुवातीच्या वापरात ज्या क्लच-ॲक्सिलरेटरच्या वायरी, चेन, नटबोल्ट सैल पडले असतील ते पुन्हा जागेवर आणायचे, एवढंच काम. पुढच्या कुठल्याही सर्व्हिसिंगपेक्षा हिला सामान कमी लागतं, आणि नव्या गाडीवर गंज, चिखल, अडकलेले बोल्ट असलं काही नसतं. ज्याला आपल्या गाडीला स्वतः हात लावायला शिकायचंय त्याच्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

इथे सांगितलेलं सगळं १०० ते १५० सीसीच्या, एअर-कूल्ड, एका सिलेंडरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आहे. स्प्लेंडर, शाइन, पल्सर या वर्गातल्या. रेडिएटरवाल्या किंवा मोठ्या इंजिनाच्या गाडीलाही बरंचसं लागू पडेल, पण तिथे आकडे वेगळे असतात. गाडीबरोबर मिळालेलं ओनर्स मॅन्युअल शेजारी ठेवूनच कामाला बसा. इथला आकडा आणि मॅन्युअलमधला आकडा जुळला नाही, तर मॅन्युअलचा खरा.

आधी कूपनाचा विचार

कंपनीप्रमाणे पहिल्या सर्व्हिसिंगची मुदत साधारण ५०० ते १००० किलोमीटर असते, आणि सोबत दिवसांचीही मुदत असते. दोन्हींपैकी जी आधी संपेल ती धरायची. महिनाभर गाडी घरात उभी होती म्हणून दिवस थांबत नाहीत. ही सर्व्हिसिंग कूपनावर होते. मजुरी माफ, ऑइलचे आणि लागणाऱ्या वस्तूंचे पैसे आपण द्यायचे.

बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत फुकट सर्व्हिसिंग वेळेत आणि अधिकृत केंद्रातच करून घ्यायची असं लिहिलेलं असतं. सर्व्हिस बुकात शिक्का नसेल, तर पुढे इंजिनाचं मोठं काम निघाल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: केंद्र गावात किंवा तासाभराच्या अंतरावर असेल तर कूपन वाया घालवू नका. शिक्का घ्या, ऑइल तिथे समोर उभं राहून बदलून घ्या आणि चेन, क्लच, ब्रेक, हवा, नटबोल्ट ही बाकीची कामं घरी नीट तपासा. केंद्रात रोज पन्नास गाड्या रांगेत असतात. तुमच्या चेनसाठी अर्धा तास फक्त तुमच्याकडेच आहे.

केंद्र लांब आहे, मुदत टळून गेली आहे किंवा विचार करून तुम्ही वॉरंटीवर पाणी सोडायला तयार आहात, तर ऑइलसकट सगळं घरी करता येतं. मग ऑइलचं बिल, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो आणि तारीख जपून ठेवा. गाडी विकताना हे कागद उपयोगी पडतात.

सामान

गाडीच्या किटमधले पाने तात्पुरत्या कामाचे असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. चांगल्या पोलादाचा रिंग पान्यांचा एक संच घ्या. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांचा ऑइलचा बोल्ट १७ नंबरचा असतो, वायरींच्या ॲडजस्टिंगला १०, १२, १४ लागतात, मागच्या ॲक्सलला (चाकाच्या आसाला) त्याहून मोठा. तोंड उघडा फिक्स पाना किंवा स्क्रू पाना ऑइलच्या बोल्टला कधीच लावू नका, कोपरे गोल होतात. जमलं तर टॉर्क पाना (बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणारा) आणा. महाग वाटेल, पण ॲल्युमिनियमच्या इंजिनाचे आटे गेले तर होणारा खर्च त्याहून जास्त असतो.

बाकी लागेल ते असं: जुनं घमेलं किंवा पसरट डबा, नरसाळं, मापाचं भांडं, ऑइलच्या बोल्टचा नवा वॉशर, सुती फडकी, जुना टूथब्रश, चेनसाठी थोडं डिझेल आणि गिअर ऑइल, हवा मोजायचा गेज आणि एक फूटपट्टी.

ऑइल घेताना दुकानात घाई करू नका. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. म्हणून बाटलीवर जासो या जपानी मानकाची ‘जासो एमए’ (JASO MA) किंवा ‘एमए२’ अशी खूण हवीच. स्कूटरच्या ऑइलवर ‘एमबी’ असतं. तेही त्याच कंपनीचं, त्याच ग्रेडचं (पातळ-घट्टपणाचं), जवळजवळ तशाच बाटलीत मिळतं, आणि गर्दीत दुकानदार तेच पुढे करू शकतो. ते घर्षण कमी करणारं असल्यामुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. कारचं ऑइलही याच कारणानं नको. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. हिरो आणि होंडाच्या लहान गाड्यांना सहसा १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. महागडं पूर्ण सिंथेटिक ऑइल आत्ता घालण्यात मला अर्थ दिसत नाही. इंजिन अजून बसतंय, आणि हे ऑइलही पुढच्या सर्व्हिसिंगला निघून जाणार आहे.

ऑइल बदलणं

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा आणि बंद करा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाशी बसलेली पूड सोबत घेऊन येतं. लांब फिरून आल्या आल्या मात्र हात घालू नका. सायलेन्सरचा वाकलेला पाइप इंजिनाच्या अगदी शेजारी असतो, आणि त्याचा चटका फार वाईट बसतो.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आजूबाजूची धूळ आधी फडक्यानं पुसा, मगच झाकण काढा. तिथली माती आत पडली तर सगळ्या कामावर पाणी. झाकण उघडल्यानं हवा आत जाते आणि ऑइल सरळ धारेनं खाली येतं.

आता इंजिनाच्या पोटाखालचा ऑइलचा बोल्ट. तिथे एकाहून जास्त बोल्ट असतात, त्यामुळे मॅन्युअलमधलं चित्र पाहून खात्री करा. बोल्ट खालच्या तोंडाला आहे आणि आपण वरून हात घालतोय, म्हणून सैल करायची दिशा उलटी वाटते. खाली वाकून, बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून पाहा आणि मग घड्याळाच्या उलट फिरवा. सैल करायचं म्हणून उलट जोर लावून आवळून टाकणं आणि आटे घालवणं, घरी ऑइल बदलताना सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बोल्ट हातानं फिरायला लागला की तो वर दाबून धरत फिरवा आणि शेवटच्या आट्याला झटकन बाजूला घ्या, म्हणजे धार हातावर येत नाही आणि बोल्ट घमेल्यात पडत नाही.

दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. किक असेल तर चावी बंद ठेवून चार-पाचदा हलकेच दाबा, उरलेलं ऑइल बाहेर येईल. या वेळात काढलेलं ऑइल पाहा. बोटांवर चोळल्यावर जाणवत नाही अशी बारीक चकाकी असेल तर काळजी नाही. नखावर उचलता येईल असा धातूचा कपचा, तुकडा किंवा दाताचा भाग दिसला तर काम तिथेच थांबवा, तो तुकडा कागदात जपून ठेवा आणि गाडी केंद्रात न्या. अशा वेळी वॉरंटीचा उपयोग असतो.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांत बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो. आत एक जाळी आणि इंजिनाबरोबर गरगर फिरणारा एक भाग असतो, जो पूड कडेला फेकून धरून ठेवतो. त्यासाठी बाजूचं कव्हर उघडावं लागतं, ते या सर्व्हिसिंगला उघडायची गरज नाही. ज्या गाड्यांत कागदी फिल्टर आहे, तिथे पहिल्या सर्व्हिसिंगला तो बदलायचा की नाही हे मॅन्युअलच्या तक्त्यात असतं. बदलताना जुना कुठल्या बाजूनं बसला होता ते फोटो काढून ठेवा. उलटा बसवला तर ऑइलची वाट अडते, आणि इंजिन बाहेरून छान चालताना आतून कोरडं पडू शकतं. ओ-रिंगला (कव्हरच्या रबरी कड्याला) ऑइलचं बोट लावून मगच कव्हर बसवा.

बोल्टाची बैठक पुसा, नवा वॉशर घाला आणि पहिले चार-पाच आटे फक्त बोटांनी बसवा. बोटांनी सुरळीत जात नसेल तर आटा वाकडा धरलाय, काढून पुन्हा लावा. त्यानंतर टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्याइतकं आवळा. साध्या पान्यानं करत असाल, तर बोल्ट टेकल्यावर वॉशर दबल्याची जाणीव होते, तिथून पुढे थोडाच जोर. पान्याला पाइप लावून ताकद काढायची ही जागा नाही.

किती ऑइल भरायचं, तर मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे दिसतील. एक ऑइल बदलताना लागणारं, दुसरा इंजिन पूर्ण खोलल्यावर लागणारं. दुसरा मोठा असतो. आपल्याला पहिला हवा. या वर्गात तो लिटरच्या आसपास असतो. आकड्यापेक्षा थोडं कमी भरा, झाकण लावा, इंजिन तीन-चार मिनिटं नुसतं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि पातळी बघा. हिरो-होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांत ऑइलच्या झाकणाला असलेली मापाची काडी पुसून आत सोडायची, झाकण आट्यांवर पिळायचं नाही. पिळून पाहिलं तर पातळी खरी असेल त्यापेक्षा जास्त दिसते आणि आपण कमी ऑइलवर गाडी चालवतो. पल्सरसारख्या गाड्यांत बाजूला काचेची खिडकी असते, गाडी अगदी सरळ उभी करून तिच्यातून पाहायचं. वरच्या खुणेच्या किंचित खाली पातळी आली की पुरे. वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं जास्तीचं ऑइलही इंजिनाला त्रासच देतं.

चेन

ऑइलनंतर सगळ्यात जास्त लक्ष चेनला द्या. नवी चेन पहिल्या हजार किलोमीटरमध्ये जितकी सैल पडते तितकी नंतर बराच काळ पडत नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट: इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं. गिअर टाकून चाक फिरत ठेवून चेन पुसणारी माणसं मी पाहिली आहेत. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये जातात. असं कधीही करू नका, दुसरा कोणी करत असेल तर त्यालाही थांबवा.

चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून आत बोट घालता येतं. खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध बोटानं वर-खाली करा आणि एकूण हालचाल फूटपट्टीनं मोजा. या वर्गात ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत मोजा, जिथे चेन सगळ्यात ताणलेली लागेल ती जागा धरून ॲडजस्ट करायचं. काही गाड्यांत हे मोजमाप साइड स्टँडवर करायला सांगितलेलं असतं, तेवढं मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

मागचा ॲक्सलचा नट सैल करा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत त्याच्या सोबत स्लीव्ह नटही सैल करावा लागतो, नाहीतर चाक सरकतच नाही आणि माणूस उगाच ॲडजस्टरवर जोर काढत बसतो. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच, एकावेळी पाव फेरा, असे फिरवा. स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे एकाच रेषेवर आल्या पाहिजेत. एक बाजू पुढे, एक मागे राहिली तर चाक तिरकं बसतं, टायर एका कडेनं झिजतो आणि हँडल एका बाजूला ओढतं. नट आवळल्यावर चेन पुन्हा मोजा, कारण आवळताना ती बऱ्याचदा थोडी ताणली जाते. शंका असेल तर चेन दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवलेली चालेल, पण ताठ ठेवू नका. डबलसीट बसल्यावर मागचं चाक वर येतं, चेन आणखी ताणली जाते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

साफसफाईला डिझेल आणि टूथब्रश पुरेसा आहे. पेट्रोल नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. ओ-रिंगवाल्या चेनचं रबर त्यानं जातं. पुसून कोरडी करा आणि कड्यांच्या आतल्या बाजूनं गिअर ऑइल थेंबाथेंबानं सोडा, भारतीय गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा एसएई ९० सांगितलेलं असतं. स्प्रे वापरला तरी हरकत नाही. जास्तीचं पुसून घ्या. टायरवर किंवा ब्रेकवर एकही थेंब जाऊ देऊ नका.

वायरी आणि ब्रेक

क्लचची वायर नवी असताना बसते आणि लिव्हरचा मोकळा खेळ बदलतो. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर खेळ हवा. खेळच उरला नाही तर क्लच अर्धवट दाबलेला राहून प्लेटा घसरतात. फार असला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खटका बसतो. वायरीच्या इंजिनाकडच्या टोकाला दोन नट असतात, एक सैल करून दुसऱ्यानं जुळवायचं आणि पहिला परत आवळायचा.

ॲक्सिलरेटरची मूठ दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर वायर कुठेतरी ताणली जातेय, ती आधी सोडवा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे थ्रॉटल बॉडीचे स्क्रू फिरवून आयडलिंग (मूठ न पिळता इंजिनाचा वेग) जुळवायचा प्रयत्न करू नका.

चेन ॲडजस्ट करताना मागचं चाक सरकलं, म्हणून मागचा ड्रम ब्रेक आता पुन्हा पाहावाच लागतो. पॅडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ ठेवा, चाक हातानं फिरवा, ते कुठेही न घासता फिरलं पाहिजे. पॅडल दाबायला लागताच मागचा दिवा लागतो का पाहा. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांत कॉम्बी ब्रेक असतो, पॅडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तिथे पुढचं आणि मागचं ॲडजस्टमेंट एकमेकांशी बांधलेलं आहे, त्यामुळे मॅन्युअलचा क्रम मोडू नका. पुढे डिस्क असेल तर डबीतलं ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे एवढं पाहा. डबी उघडू नका. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि रंगावर सांडलं तर रंग काढतं.

हवा, बोल्ट, बॅटरी

हवा टायर थंड असताना मोजा. चेन कव्हरवर किंवा स्विंग आर्मवर आकडे चिकटवलेले असतात. अनेक १०० सीसी गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ४१ पीएसआय असं असतं. मागच्या दोन आकड्यांतला फरक बघा, रोज मागे कोणी बसत असेल तर पंपावर ‘नेहमीची’ म्हणून भरलेली हवा कमी पडते.

बोल्टांची फेरी पुढून मागे एका दिशेनं करा म्हणजे काही राहत नाही: हँडल, पुढचा ॲक्सल, इंजिनाचे माउंटिंग, फूटरेस्ट, सायलेन्सर, शॉकअप, मागचा ॲक्सल, नंबर प्लेट. सैल आहे का एवढंच पाहायचं, प्रत्येकावर ताकद आजमावायची नाही. तारांचं चाक असेल तर प्रत्येक तारेवर पान्यानं हलकेच टकटक करा. बद्द वाजणारी तार सैल आहे. ती स्वतः पिळायला जाऊ नका, रिम वाकडी होते, चाक बांधणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, मात्र नक्की तपासा. कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला, फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. ठक असा खेळ लागला तर कोनसेट सैल आहे. नव्या गाडीत त्याच्या गोळ्या बसतात, म्हणून हे पहिल्या सर्व्हिसिंगला पाहायचं असतं. एअर फिल्टर फक्त नजरेनं पाहा. तेलकट कागदाचा फिल्टर फुंकणं, धुणं किंवा झटकणं त्याला चालत नाही. बॅटरी सीलबंद असते, पाणी घालायचं नसतं. टर्मिनल घट्ट आहेत का पाहा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

इथे हात थांबवा

टॅपेटचं (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातल्या फटीचं) सेटिंग मी नवशिक्याला घरी करायला सांगणार नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन नेमका वर हवा, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हवा आणि फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो. ‘आवाज येत नाही म्हणजे टॅपेट बरोबर’ हा समज तर धोक्याचा आहे. सैल टॅपेट वाजतं, घट्ट टॅपेट गप्प बसून व्हॉल्व्ह जाळतं. मॅन्युअलच्या तक्त्यात पहिल्या सर्व्हिसिंगला ते तपासायचं असेल, तर तेवढ्यासाठी केंद्रात किंवा चांगल्या मेस्त्रीकडे जा. इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर तेही त्यांचंच काम, त्यासाठी स्कॅनर लागतो. एबीएसलाही (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) हात लावू नका.

काम झाल्यावर आधी गाडी ढकलत पुढचा-मागचा ब्रेक लावून पाहा. मग घराजवळच पाच-सहा किलोमीटर हळू चालवा, परत येऊन ऑइलच्या बोल्टाखाली कोरडं फडकं फिरवा आणि पातळी पुन्हा पाहा. शंभरेक किलोमीटरनंतर चेन आणि ॲक्सलचा नट एकदा तपासा. ऑइल नवं घातलं म्हणून रनिंग-इन (नवं इंजिन जपून चालवायचा काळ) संपत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेले किलोमीटर होईपर्यंत मूठ पूर्ण पिळू नका, आणि महामार्गावर तासभर एकाच वेगात चालवू नका.

काढलेलं ऑइल गटारात, शेतात किंवा कुंपणाच्या खांबाला ओतू नका. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, आणि एवढंसं ऑइलही विहिरीचं पाणी खराब करायला पुरतं. नव्या ऑइलच्या रिकाम्या बाटलीतच ते भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल पिंपात साठवून गोळा करणाऱ्यांना देतात तिथे नेऊन द्या. पाणी, डिझेल किंवा चेन धुतलेला गाळ त्यात मिसळू नका, तो वेगळ्या डब्यात ठेवा.